जपानमध्ये साकेची ब्रुअरी पाहायची असेल तर

जपानच्या सहलीत क्योतो, हिरोशिमा आणि ताकायामा ही नावं बहुतेक मराठी प्रवाशांच्या यादीत असतात. तिन्हीकडे साके, म्हणजे तांदूळ आंबवून केलेली जपानी दारू, बनवणाऱ्या जुन्या ब्रुअऱ्या आहेत. ताकायामात त्या जुन्या बाजारपेठेतच लागतात, क्योतो आणि हिरोशिमातून लोकलने तासाभराच्या आत पोचता येतं. तरी आपली मंडळी देवळं आणि बागा पाहून परततात. आत जाऊ देतात का, आधी कळवावं लागतं का, न पिणाऱ्यांनी जावं का, हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यासाठी हा लेख.

साकागुरा, म्हणजे साकेची पारंपरिक ब्रुअरी, हे कामाचं ठिकाण आहे आणि तिथले जवळजवळ सगळे नियम कोजी नावाच्या एका बुरशीला जपण्यासाठी आहेत. कोणत्या महिन्यात जायचं, सकाळी नाश्त्याला काय टाळायचं, कोणत्या दारातून आत जाऊ देत नाहीत, या सगळ्याचं मूळ तिथे आहे. ते कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी कोजी समजून घ्या

नाशिकची वायनरी पाहिली असेल तर फरक पटकन कळेल. द्राक्षाच्या रसात साखर तयार असते, यीस्टला लगेच कामाला लागता येतं. तांदळात असतो स्टार्च, आणि यीस्टला तो पचत नाही. म्हणून वाफवलेल्या तांदळावर कोजीचे बीजाणू भुरभुरतात. शास्त्रीय नाव ॲस्परजिलस ओरायझी. उबदार खोलीत साधारण दोन दिवस ही बुरशी वाढवली की दाणे पांढऱ्या तंतूंनी भरून येतात. तिच्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात.

साकेची खरी कमाल याच्या पुढे आहे. कोजी साखर करत असते आणि त्याच टाकीत, त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. साखर थोडी थोडी मिळत राहिल्याने यीस्ट दमत नाही आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास पोचतं, तेही ऊर्ध्वपातन न करता. गोव्यात फेणीची भट्टी पाहून आलेल्यांनी लक्षात घ्यावं, इथे भट्टी नाही. साके आंबवलेली असते, उकळून वाफ धरलेली नसते. बाटलीत भरताना बहुधा पाणी घालून ती १५-१६ टक्क्यांवर आणतात.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने जपानच्या या मद्यनिर्मितीच्या पारंपरिक कौशल्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा नोंदीच्या शीर्षकातच कोजीचा उल्लेख होता. योग्यच झालं असं मला वाटतं.

कधी जायचं

साके हिवाळ्यात बनते. ऑक्टोबरच्या सुमारास नवा तांदूळ येतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत काम चालतं. थंडीत नको असलेले जंतू कमी फोफावतात, आणि आंबवण हळूहळू चालल्याने वास आणि चव नाजूक येते. पूर्वी शेतीचं काम संपलेले शेतकरी गटागटाने ब्रुअरीत राहायला येत आणि हिवाळा तिथेच काढत. त्यांचा प्रमुख म्हणजे तोजी. ह्योगोचे ताम्बा, इवातेचे नाम्बू आणि निगाताचे एचिगो तोजी आजही मानाने ओळखले जातात.

प्रवाशापुढे इथे एक पेच येतो. काम पाहायचं तर हिवाळ्यात जावं लागतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत अनेक छोट्या ब्रुअऱ्या बाहेरच्यांना आत घेत नाहीत. हातांची, कपड्यांची, हवेची स्वच्छता त्यांच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न असतो. काही ठिकाणी काचेआडून दाखवतात, काही ठिकाणी फक्त ठरलेल्या दिवशी. उन्हाळ्यात दारं जास्त सहज उघडतात, पण टाक्या रिकाम्या असतात. चेरीच्या फुलांसाठी एप्रिलच्या सुरुवातीला जाणार असाल तर हंगामाचं शेपूट हाती लागू शकतं. निवड असेल तर फेब्रुवारी घ्या. थंडी कडाक्याची असते, पण नवी साके दाबून निघत असते आणि सगळ्या इमारतीत तिचा वास भरलेला असतो. बारमाही उत्पादन करणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत, त्यांची संग्रहालयं वर्षभर पाहता येतात.

कुठे जायचं

पहिल्यांदा जाणाऱ्याने आधी एक मोठं संग्रहालय आणि मग एक छोटी चालू ब्रुअरी, या क्रमाने पाहावं. संग्रहालयात पायऱ्या समजतात, इंग्रजी पाट्या असतात, कुणाच्या कामात अडथळा येत नाही. त्यानंतर छोट्या ब्रुअरीत गेलात की समोर काय चाललंय ते न सांगता ओळखू येतं. उलट क्रमाने गेलात तर छोट्या ब्रुअरीतला निम्मा वेळ पाहण्याऐवजी समजून घेण्यातच जातो.

क्योतोत असाल तर फुशिमी. केइहान मार्गावर फुशिमी-इनारी स्थानक आहे, लाल तोरी दरवाज्यांचं ते प्रसिद्ध देवस्थान. सकाळी ते पाहा आणि त्याच मार्गाने पुढे दक्षिणेला चुशोजिमाला उतरा. तिथून चालत गेक्केइकान कंपनीचं ओकुरा संग्रहालय लागतं. कंपनी १६३७ पासूनची, संग्रहालय १९८२ मध्ये उघडलेलं. लाकडी पिंपं, दोरखंड, टोपल्या, जुनी लेबलं नीट मांडली आहेत, आणि तिकिटात चव घेणंही येतं. अंगणात विहिरीचं पाणी आहे, ते आवर्जून प्या. साकेचा मोठा हिस्सा पाणीच असतो आणि फुशिमीचं पाणी मृदू आहे. तिथल्या साकेचा सौम्यपणा त्यातून येतो.

कोबेजवळचा नादा हा जपानमधला साकेचा सर्वांत मोठा पट्टा. ओसाकाच्या उमेदा स्थानकातून हानशिन लोकलने अर्ध्या तासाच्या आसपास. सुमियोशी स्थानकाजवळ हाकुत्सुरुचं संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. कामगारांचे पूर्णाकृती पुतळे आणि चित्रफितींमधून प्रत्येक टप्पा दाखवला आहे. मुलं बरोबर असतील तर हेच निवडा. तिथून पायी जाण्याच्या अंतरावर किकुमासामुनेचं स्मृतीसंग्रहालय आहे. नादाचं नशीब १८४० मध्ये निशिनोमियात सापडलेल्या 'मियामिझु' पाण्याने उजळलं. या पाण्यात खनिजं भरपूर, पण साकेचा रंग आणि चव बिघडवणारं लोह अगदी कमी. यीस्ट त्यात जोमाने काम करतं आणि साके ठसठशीत, कोरडी होते. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात इथल्या जुन्या लाकडी ब्रुअऱ्या मोठ्या संख्येने कोसळल्या. आज दिसणाऱ्या अनेक इमारती त्यानंतर उभ्या राहिलेल्या आहेत. अवजारं मात्र ढिगाऱ्यातून उचलून, पुसून पुन्हा मांडली आहेत, आणि ती पाहताना या लोकांबद्दल मनात आदर दाटून येतो.

मला सर्वांत आवडणारी जागा मात्र साइजो. हिरोशिमाहून सान्यो मार्गाच्या गाडीने पाऊण तास. स्थानकातून बाहेर पडलं की विटांची उंच धुराडी दिसतात आणि चार पावलांवर एकामागून एक ब्रुअऱ्या. काहींच्या दारात विहिरीचं पाणी सर्वांसाठी खुलं आहे, गावकरी कॅन भरून नेतात. इथलं पाणी नादापेक्षा खूप मृदू, त्यात पूर्वी साके नीट जमत नसे. जवळच्या आकित्सूचे मिउरा सेन्झाबुरो यांनी कोजी जास्त खोलवर वाढवून आणि कमी तापमानात सावकाश आंबवून मार्ग काढला आणि १८९८ मध्ये ती पद्धत छापून सगळ्यांना खुली केली. स्वतःच्या तिजोरीत ठेवता आलं असतं असं ज्ञान त्यांनी वाटून टाकलं, म्हणून या गावाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. ऑक्टोबरमध्ये इथे साकेचा मोठा उत्सव असतो. उत्सव हवा असेल तर तेव्हा जा. काम पाहायचं असेल तर ते दिवस टाळा.

तोक्योतच असाल तर ओमे मार्गावरचं सावाइ स्थानक. तामा नदीकाठी १७०२ पासूनची ओझावा ब्रुअरी आहे, साकेचं नाव सावानोइ. आधी बुकिंग करून आतून दाखवतात, आणि नदीकाठच्या बागेत बसता येतं. ताकायामात सानमाची रस्त्यावर बुकिंगशिवायही दुकानात शिरून चव घेता येते.

बुकिंग करताना

संग्रहालयांना बहुधा बुकिंग लागत नाही, गट मोठा असेल तर विचारून घ्यावं. चालू ब्रुअरीला मात्र आगाऊ कळवल्याशिवाय जाऊ नये. संकेतस्थळावर अर्ज असेल तर तो भरा, नाहीतर ईमेल पाठवा. इंग्रजी साधी, छोटी वाक्यं ठेवा म्हणजे भाषांतर करून वाचणाऱ्याला सोपं जातं. तारीख आणि पर्यायी तारीख, किती जण, त्यात २० वर्षांखालचे किती, जपानी येतं की नाही, आणि गाडीने येणार की रेल्वेने, एवढं लिहा. न पिणारे कोण हेही सांगून ठेवा. हॉटेलच्या स्वागतकक्षाला फोन करायला सांगितलं तर ते आनंदाने करतात, आणि छोट्या ब्रुअरीसाठी हाच मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. 'केन्गाकू' म्हणजे भेट देऊन पाहणं, 'योयाकु' म्हणजे बुकिंग. हे दोन शब्द पुरतात.

वेळ पाळा. दहा मिनिटं आधी पोचा, पण अर्धा तास आधी दारात उभे राहू नका. बेत बदलला तर लगेच कळवा. तुमच्यासाठी कुणीतरी कामातून उठलेलं असतं.

आदला दिवस आणि ती सकाळ

नात्तो खाऊ नका. जपानी हॉटेलच्या नाश्त्यात हा चिकट तारांचा आंबवलेला सोयाबीन हमखास असतो आणि नवखे प्रवासी कुतूहलाने घेतात. नात्तोतले जिवाणू फार चिवट. कोजीच्या खोलीत पोचले तर कोजीवर मात करतात आणि अख्खा घाणा वाया जाऊ शकतो. आदल्या दिवसापासूनच टाळावं. काही ठिकाणी दही किंवा संत्र्या-मोसंब्यांबद्दलही सूचना असते. जे सांगतील ते पाळा, वाद घालू नका.

अत्तर, सुगंधी तेल, उग्र वासाचं क्रीम नको. वासाने साके पारखणाऱ्या खोलीत एका माणसाचं अत्तर बाकी सगळ्यांचा अनुभव बिघडवतं. पटकन काढता येतील असे बूट आणि धड मोजे घाला, कारण आत चपला बदलाव्या लागतात. जुन्या इमारतींचे जिने शिडीइतके उभे असतात आणि फरशी ओली असते; साडी किंवा घोळदार कपड्यांपेक्षा पँट बरी. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना नेत असाल तर जिन्यांबद्दल ईमेलमध्येच विचारा. हिवाळ्यात आत बाहेरइतकीच थंडी असते, कारण ती मुद्दाम ठेवलेली असते.

गाडी चालवणाऱ्याने घोटभरही घ्यायची नाही. जपानमध्ये पिऊन चालवणाऱ्यालाच नव्हे, त्याला दारू देणाऱ्याला आणि जाणूनबुजून त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही शिक्षा होते. सायकललाही हे लागू आहे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून सायकलस्वारांसाठीचे नियम आणखी कडक झाले आहेत. रेल्वेने जा, आणि पोटभर खाऊन जा.

आत गेल्यावर

दाराशी सुगिदामा टांगलेला दिसेल, सुगी झाडाच्या पानांचा मोठा गोळा. नवी साके आली की हिरवा लावतात आणि महिने जातील तसा तो तपकिरी होतो. साके किती मुरली याचा अंदाज रस्त्यावरूनच येतो. ही प्रथा नाराच्या ओमिवा देवस्थानाशी जोडलेली आहे. आत कुठेतरी उंचावर छोटं देवघर असेल. त्याला हात लावू नका, मान किंचित झुकवलीत तर यजमानांना बरं वाटतं. एकेकाळी स्त्रियांना ब्रुअरीत प्रवेश नव्हता. आता स्त्रिया तोजी म्हणून काम करतात.

पहिला टप्पा तांदूळ घासण्याचा. दाण्याच्या बाहेरच्या थरातली चरबी आणि प्रथिनं जास्त राहिली तर चव जड होते. साकेला गिंजो हा वरचा दर्जा मिळायला दाणा ६० टक्के किंवा त्याहून कमी उरावा लागतो, दाइगिंजोला ५० टक्के किंवा त्याहून कमी. म्हणजे अर्धा दाणा घासून टाकायचा. वेगवेगळ्या प्रमाणात घासलेले दाणे बहुधा काचेच्या बशांत ठेवलेले असतात. तळहातावर घेऊ देतात का विचारा. यामादा निशिकी या नामवंत जातीच्या दाण्याच्या मध्यभागी पांढरा ठिपका दिसतो. तो मऊ गाभा आहे आणि कोजीचे तंतू त्यात खोल शिरतात.

मग धुणं आणि भिजवणं. चांगल्या साकेसाठी हे घड्याळ लावून करतात, कारण थोडं जास्त पाणी शोषलं तरी पुढचं गणित चुकतं. तांदूळ शिजवत नाहीत, वाफवतात, कारण दाणा बाहेरून कोरडा आणि आतून मऊ हवा असतो. हे काम पहाटे-सकाळी होतं. वाफेचे लोट पाहायचे असतील तर सकाळची सर्वांत लवकरची वेळ मागा.

कोजीची खोली तीस अंशांच्या आसपास तापलेली असते आणि बहुधा आत जाऊ देत नाहीत. आग्रह करू नका. खिडकी असेल तर तिथे थांबा. रात्रीबेरात्री उठून तांदळाचे ढीग हाताने उलटणारी माणसं इथे राबतात, आणि साकेचं बरंचसं भवितव्य या दोन दिवसांत ठरतं.

पुढे यीस्ट वाढवण्याचं विरजण म्हणजे शुबो. आधुनिक पद्धतीत लॅक्टिक ॲसिड बाहेरून घालतात आणि ते दोनेक आठवड्यांत तयार होतं. जुन्या किमोतो पद्धतीत ते ॲसिड तयार करणारे जिवाणू आपणहून यावे लागतात आणि महिनाभर लागतो. त्यासाठी तांदूळ-कोजीचं मिश्रण लांब दांड्यांनी घोटत, आणि घोटताना गात. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांसारखी ही कामाची गाणी; अमुक गाणं संपलं की घोटणं पुरे, असं वेळेचं मापही त्यांतूनच मिळे. किकुमासामुने आजही किमोतोसाठी ओळखली जाते.

मुख्य टाकीत तांदूळ, कोजी आणि पाणी एकदम न घालता चार दिवसांत तीन हप्त्यांनी घालतात. दुसऱ्या दिवशी काहीच घालत नाहीत, यीस्टला वाढू देतात. मग मोरोमी, म्हणजे हे आंबणारं मिश्रण, तीन-चार आठवडे खदखदत राहतं. कान दिलात तर फेस फुटल्याचा आवाज ऐकू येतो. टाकीत वाकून वास मात्र अजिबात घेऊ नका. वरच्या थरात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्याने माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो. मार्गदर्शकाने हाताने वारा घालून दाखवला तर तेवढंच.

शेवटी दाबून गाळणं. उरलेला चोथा म्हणजे साके-कासू. त्यात भाज्या मुरवतात, सूप करतात. फोटो काढण्याआधी प्रत्येक खोलीत नव्याने विचारा: 'शाशिन, ईई देसु का?'

चव घेताना

पांढऱ्या पेल्याच्या तळाशी निळी दोन वर्तुळं दिसतील. पांढऱ्यावर साकेचा रंग आणि निळ्याच्या कडेवर तिचा नितळपणा पाहतात. आधी वास, मग छोटा घोट, जिभेवर फिरवून. सुवासिक, हलक्या गिंजोपासून सुरुवात करा, मग जुनमाई, म्हणजे वेगळं अल्कोहोल न मिसळलेली, मग किमोतो; गढूळसर दिसणारी निगोरी आणि जुनी मुरवलेली सर्वांत शेवटी. 'काराकुची' कोरडी, 'अमाकुची' गोडसर. गरम करून देत असतील तर एकच साके थंड आणि कोमट दोन्ही घेऊन पाहा. कोमट झाल्यावर जुनमाई कशी खुलते हे एकदा कळलं की साकेबद्दलचे अर्धे गैरसमज जातात.

प्रत्येक पेल्याबरोबर तेवढंच पाणी प्या. साके गोड लागते म्हणून हलकी समजू नका, वाइनपेक्षा ती थोडी तेजच असते. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काही अपमान नाही. व्यावसायिक परीक्षक तेच करतात.

न पिणाऱ्यांनी 'नोमेमासेन' म्हणावं, कुणी आग्रह करत नाही. कोजीपासून केलेली आमाझाके गोड, दाटसर आणि बिनअल्कोहोलची असते. मात्र साके-कासूपासूनही एक आमाझाके करतात, तिच्यात थोडं अल्कोहोल राहतं, म्हणून मुलांना देण्याआधी विचारा. शाकाहारींनी सोबतच्या खाण्याकडे लक्ष ठेवावं: टोफूवर वरून माशाचे कीस भुरभुरलेले असतात आणि लोणच्यातही ते असू शकतात. उकडलेल्या एदामामे शेंगा बिनधोक.

खरेदी आणि परतीचा प्रवास

छोटी ब्रुअरी बऱ्याचदा काही पैसे न घेता तास-दीड तास देते. एक बाटली विकत घेणं ही त्याची योग्य परतफेड आहे. जी त्या गावाबाहेर फारशी मिळत नाही ती घ्या. विमानतळावर दिसणारी तिथे घेण्यात अर्थ नाही. पासपोर्ट जवळ ठेवा, करमुक्त विक्री होत असेल तर लागतो.

भारतात प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. नेहमीची साकेची बाटली ७२० मिलिलिटरची, म्हणजे दोन आणता येतात, तिसरीला मर्यादा ओलांडते. १.८ लिटरची मोठी बाटली एकटी बसते, पण वाटेत फुटायची धास्ती जास्त. बाटल्या चेक-इन सामानातच, कपड्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध ठेवा. बडोदा किंवा सुरतेला जाणाऱ्या मराठी वाचकांनी गुजरातची दारूबंदी लक्षात ठेवावी. मुंबईत उतरल्यावर बाटल्या घेऊन परवान्याशिवाय पुढे जाऊ नये.

नामाझाके, म्हणजे तापवून न घेतलेली साके, कितीही आवडली तरी तिथेच प्या. ती सतत थंड ठेवावी लागते आणि विमान, टॅक्सी, मुंबईचा उकाडा यांत तिची चव बिघडते. तापवलेली साकेही घरी आल्यावर फ्रीजमध्ये, उजेडापासून दूर ठेवा आणि वर्षाच्या आत उघडा. वाइनसारखी राखून ठेवण्याची ही गोष्ट नाही. उघडल्यावर एक-दोन आठवड्यांत संपवा. तळाशी थोडी उरली आणि वास उतरला तर मशरूम किंवा वांगी परतताना दोन चमचे घाला.